राजाचा पेला आणि भद्रकाची नाव

पूर्वी चंपा नगरीत अरिंदम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचे मंत्री होते. दर वसंतोत्सवात नदीच्या घाटावर मल्लांचा आणि धनुर्धरांचा सत्कार होई. राजा सोन्याच्या पेल्यातून मद्याचा एक घोट घेई आणि तोच पेला सत्कार होणाऱ्याच्या हाती देई. पेला रिकामा झाल्याशिवाय सत्कार पुरा होत नसे. तो परत करणे हा राजाचा अपमान समजला जाई, आणि तसे करणाऱ्याला सूर्यास्तापूर्वी नगर सोडावे लागे.

एके वर्षी बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, नगरात काहींनी मद्य सोडले आहे. मल्लाची कुस्ती एका दुपारी संपते. यांना रोज सकाळी आखाड्यात उतरावे लागते. त्यांचीही नावे घाटावर पुकारावीत."

"पुकारू की. पहिले कोणाचे?"

"भद्रक नावाड्याचे."

भद्रकाची हकीकत सर्वांना ठाऊक होती. नशेत त्याने नाव खडकावर घातली होती आणि त्याची लहान मुलगी सोमा बुडाली होती. त्यानंतर त्याने मद्य कधी घेतले नाही. पण त्याच्या नावेत माणूसही कधी बसले नाही. लोक तिच्यातून गवत आणि सरपण पाठवीत, स्वतः दुसऱ्या नावेने जात.

"पुकारा," राजा म्हणाला.

उत्सवाच्या दिवशी भद्रक धुतलेले वस्त्र नेसून आला. त्याच्या गळ्यात माळ पडली. मग नेहमीप्रमाणे सेवकाने पेला भरला, राजाने घोट घेतला आणि पेला पुढे केला. इतक्या तयारीत पेल्याचा विचार कोणीच केला नव्हता. बोधिसत्त्वांनीही नाही.

भद्रकाने पेला हातात घेतला आणि तो तसाच उभा राहिला.

"घे रे, राजाच्या हातचा आहे," गर्दीतून कोणी म्हणाले. मद्य विकणारा कंक हसला. "भद्रका, माझ्या दुकानातली तुझी बसायची जागा अजून रिकामीच आहे हं."

राजाने विचारले, "एका घोटाने काय होणार आहे?"

"ठाऊक नाही, महाराज," भद्रक म्हणाला. "त्या दिवशीही एकच घेईन म्हटले होते."

बोधिसत्त्व पुढे झाले. त्यांनी भद्रकाच्या हातून पेला घेतला आणि राजासमोर ठेवला.

"महाराज, हा पेला मी परत करतो आहे. याने नव्हे."

"त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे."

"आहे."

राजाचा चेहरा उतरला. पण नियम त्याच्याच पूर्वजांचा होता. त्याने मान हलवली. बोधिसत्त्वांनी मंत्रिपदाची मुद्रा काढून पेल्याशेजारी ठेवली आणि ते घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. खाली बऱ्याच नावा बांधलेल्या होत्या. ते भद्रकाच्या नावेत जाऊन बसले.

भद्रक मागोमाग धावत आला. "स्वामी, दुसरी नाव बघा. हिच्यात सरपण असते."

"मग जरा झाडून घे."

त्याने नाव झाडली, दोर सोडला आणि वल्हे हाती घेतले. सारे नगर घाटावरून पाहत होते. वाटेत तोच खडक आला. नाव त्याला वळसा घालून सरळ पलीकडे लागली.

राजा पलीकडे जायला उठला, तेव्हा सेनापतीने राजनौका आणण्याविषयी विचारले. "ती नको," राजा म्हणाला. "ती नाव परत येऊ दे. नियम मला मोडता येत नाही. पण गेलेल्याला आणायला जाऊ नये, असे त्यात कुठे म्हटलेले नाही."

पेला बरोबर घेऊन राजा भद्रकाच्या नावेत बसला. पलीकडच्या तीरावर त्याने पेला नदीत विसळला, नदीचेच पाणी भरले, एक घोट घेतला आणि भद्रकाला दिला. भद्रकाने तो रिकामा केला. मग तिघे एकाच नावेतून परतले. त्या संध्याकाळी कंक पलीकडे जायला निघाला, तोही त्याच नावेत चढला. पुढे मद्य सोडणाऱ्यांची नावे दरवर्षी पुकारली गेली, आणि त्यांच्या पेल्यात नदीचे पाणी असे.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा अरिंदम राजा म्हणजे आजचा आनंद. भद्रक म्हणजे तो उपासक, मद्य सोडल्यावरही ज्याच्या घरी जेवायला लोक कचरतात आणि जिथे आज आपण जेवलो. तो मंत्री मीच होतो."

सोमा आज कोण आहे, हे त्यांनी सांगितले नाही.

मान देताना ज्याला तो द्यायचा त्याच्याकडे आधी पाहावे, आणि पाहायचे राहून गेले तर त्याचा भार आपण उचलावा. हीच करुणा पारमिता.