तिपानीचे कुरण

एका राज्यात, जिथे डोंगरावरून उतरलेला ओढा सपाटीला येऊन विसावत असे, तिथे एक अफाट पाणथळ होते. पाण्याच्या काठाने कुरण होते आणि कुरणात श्रावणापासून कार्तिकापर्यंत फुलेच फुले. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, आणि त्यांच्या पायाशी तीन पानांची, पांढऱ्या गोंड्याची तिपानी. पाणथळाच्या तळाशी कर्दमक नावाचा मांत्रिक निजत असे. त्याच्या उशाशी सोन्याचे सात हंडे होते. ती जागा ठाऊक होती फक्त काठच्या नावाड्यांना, आणि ती कुणाला दाखवणार नाही अशी शपथ त्यांच्या वाडवडिलांनी वाहिली होती.

त्या नावाड्यांत उजळी नावाची एक बाई होती. तिच्या धन्याचे नाव भिवाजी.

त्या राज्याचा राजा अरिंजय. त्याला सोन्याची वार्ता लागली. त्याने वरच्या अंगाला बांध घालून ओढा दुसरीकडे वळवला, पाणथळ आटवले, आणि तीनशे माणसे लावून नेमक्या जागी कुदळी घातल्या. सातही हंडे राजवाड्यात गेले. तेव्हा तळाच्या चिखलातून आवाज आला, "माझ्या फुलांखालचे तू नेलेस. फुलांवरून चालणारे मी नेईन."

त्या दिवसापासून कुरणाला ऋतू उरला नाही. भर वैशाखात ते फुलले. ज्याचे पाऊल त्या गवताला लागे, त्याला मुळे फुटत. खणणारे तीनशेजण उभ्या जागी सोनकी झाले. त्यांना शोधायला गेलेल्या बायका तेरडा झाल्या. कुरण रोज हातभर पुढे सरके. गुरे काठाशी उभी राहून भुकेने हंबरत, आणि गावकरी त्यांना दाव्याने घट्ट बांधून ठेवीत.

एके सकाळी राजपुत्राचा घोडा उधळून कुरणात शिरला. घोडा पडला, पोर हाका मारू लागला. भिवाजी काठावर होता. तो धावला. राजपुत्राच्या हातापर्यंत त्याचा हात पोहोचला आणि दोघेही तिथेच थांबले. त्याचे गुडघे हिरवे होताना उजळीने पाहिले. "उजळे, येऊ नको," एवढेच तो बोलला. मग तिथे तिपानीचा एक झुबका होता आणि त्याच्या शेजारी सोनकीचे एक कोवळे रोप.

उजळी तीन दिवस कोरड्या पडलेल्या नावेत बसून राहिली. चौथ्या दिवशी एक टिटवी नावेच्या काठावर उतरली आणि बोलू लागली.

"बाई, माझी अंडीही त्या गवतात फुले झाली. ऐक. तीन कामे आहेत. सोने परत न्यायचे. पाणी परत आणायचे. आणि कर्दमक जे विचारील त्याचे खरे उत्तर द्यायचे."

"तिसरे तर सोपे दिसते," उजळी म्हणाली.

"ते शेवटी कळेल," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

उजळीने राजवाड्यात जाऊन राजाला टिटवीचे बोलणे सांगितले. मुलाच्या शोकाने राजा चार दिवसांत म्हातारा झाला होता. त्याने सहा हंडे तिच्यापुढे ठेवले.

"सातवा, महाराज?"

राजाने सातव्याचा मुकुट घडवला होता. तो त्याने डोक्यावरून उतरवला आणि तिच्या ओटीत टाकला.

मग दोघे बांधावर गेली. कुरण बांधाच्या पायथ्याशी आले होते, म्हणून कुणी पहार हाती घेईना. शेवटी राजाने स्वतः दगड उपसले आणि उजळीने माती ओढली. म्हातारे प्रधान मदतीला पुढे झाले, त्यांचा पाय घसरला, आणि खाली एक सोनकी वाढली. दोघांनी तिकडे पाहिले आणि पुन्हा दगडाला हात घातला. उन्हे कलली तेव्हा बांध फुटला. पाणी गवतावर पसरले. काठावरची नाव तरंगली, आणि सोने घेऊन दोघे तीत बसली.

फुलांचे शेंडे नावेला घासत होते. मधोमध पोहोचताच उजळीने सोने पाण्यात सोडले. कर्दमक वर आला. त्याचे अंग चिखलाचे होते आणि डोळ्यांच्या जागी शिंपले होते.

"माझी जागा राजाला कुणी दाखवली? खरे नाव सांगशील, तर तेवढा एक माझा, बाकी सारे तुझे. खोटे सांगशील, तर सारेच माझे."

राजा पुढे सरकला. "बाई, माझे नाव सांग. हुकूम माझा होता."

"हुकूम कुणाचा, हे मी विचारले नाही," कर्दमक म्हणाला.

उजळीने वल्हे नावेत आडवे ठेवले. भिवाजीने तिला सारे सांगितले होते. राजाने त्याला नावाड्यांचा नाईक करायचे कबूल केले होते. तिने त्याला शपथेची आठवण करून दिली नव्हती. नाइकाची बायको म्हणून मिरवायला मिळेल, एवढेच त्या दिवशी तिच्या मनात आले होते.

"माझ्या धन्याने," ती म्हणाली. "भिवाजीने. आणि मला ठाऊक होते. मी गप्प बसले."

"तुझ्या गप्प बसण्याचे काय?"

"ते माझे मी भोगीन."

कर्दमक तळाशी गेला.

कमरेभर पाण्यातून माणसे उठू लागली. खोकत, चिखल पुसत, एकमेकांना धरत. राजपुत्र उठला, प्रधान उठले, तीनशेजण उठले, त्यांच्या बायका उठल्या. काठावरून नावे घेऊन हाका सुरू झाल्या. टिटवीची अंडी गवताच्या उंचवट्यावर पुन्हा अंडी झाली. राजा पोराला पोटाशी धरून रडला. उजळीने त्या सगळ्यांना खेपा करून काठाला लावले. भिवाजीच्या नावाने कुणीच हाक मारली नाही, कारण मारणारी तीच होती.

पाणी ओसरून पाणथळात विसावले आणि कुरणाला ऋतू परत मिळाला. कार्तिक सरताच सोनकी वाळली, तेरड्याची बोंडे फुटली, आणि तिपानीचा तो झुबकाही तपकिरी होऊन मोडला. तो मोडला तेव्हा उजळी शेजारीच होती. राजाने विचारले, "बाई, काय देऊ?" ती म्हणाली, "बी पडून रुजेपर्यंत इथे गुरे सोडू नका." राजाने तशी दवंडी पिटवली.

पुढच्या श्रावणात कुरण या टोकापासून त्या टोकापर्यंत तिपानीने पांढरे झाले. गुरे पोटभर चरली, दुभती झाली. उजळी नाव घेऊन त्या काठाने हिंडली. वाकून एकेक गोंडा तिने निरखला. त्यांतला आपला कोणता, हे तिला ओळखू येईना. पलीकडच्या काठावर माणसे खोळंबली होती. तिने वल्हे पाण्यात घातले आणि त्यांना आणायला गेली.