तबकडीची साक्ष

सांगा बरं मंडळी, बाजारात विश्वास कोणावर ठेवाल? पाटीवर, की पाटी लावणाऱ्यावर? आपल्या दुकानदारीत हा घोळ रोजचाच, पण तांबूळगड संस्थानात तो थेट दरबारात गेला!

तिथं राजेसाहेबांचा नियम होता. घरी फोनोवर गाण्याची तबकडी वाजवा, फुकट ऐका. पण दुकानात गिऱ्हाईक ओढायला वाजवलीत, तर गाणाऱ्याला महिन्याला दोन आणे द्या. मग तबकड्या विकणाऱ्या गुलाबशेठ व्यापाऱ्यानं काय करावं? तबकड्यांवरचे गाणाऱ्यांच्या नावाचे कागद खरवडून आपल्या नाटक मंडळीचे चिकटवले आणि वसुलीला निघाला!

भजीवाली चंद्रा मात्र बधेना. "हे गाणं कमळजाबाईंचं. दोन आणे मी त्यांनाच धाडते."

"गाणं माझ्या मंडळीतल्या सुंदरेचं!" शेठ गरजला. "कागद वाच की!"

भांडण राजेसाहेबांपुढे गेलं. राजेसाहेब हट्टी. म्हणाले, "चंद्रे, उद्या साक्षीदार आण. गाणं गायलं तेव्हा हजर असलेला, आणि हे भांडण कानावरही न गेलेला! नाहीतर तुझ्या दुकानाला कुलूप."

"असा माणूस राज्यात उरलाय कुठं?" शेठ गालात हसला.

दुसऱ्या दिवशी चंद्रा डोक्यावर फोनो घेऊन हजर!

"साक्षीदार कुठाय?"

"हा काय, सरकार. फक्त सुई कुणी उचलायची नाही."

तबकडी फिरली. गाणं संपलं. सवयीनं शेठचा हात सुईकडे गेला.

"हात मागं, शेठ!" चंद्रा कडाडली.

जरा खरखर झाली आणि कर्ण्यातून ठसक्यात आवाज आला, "मी कमळजा नेवासकर!"

दरबार चाट! शेठ ओरडला, "हिनं पढवलंय!"

"मग तुम्ही उलट पढवा ना! म्हणायला लावा 'सुंदरा'!"

"पण इतक्या दुकानांत हे कोणाला कसं कळलं नाही?" राजेसाहेबांनी विचारलं.

"गाणं संपलं की सगळे सुई उचलतात, सरकार. माझे हात असतात पिठात! बाई नाव सांगून मगच थांबतात. गाण्याच्या वेळी हा साक्षीदार हजर होता. आणि भांडण कानावर जायला त्याला कान कुठायत? नुसतं तोंड!"

राजेसाहेब हसता हसता लोडावरून घसरले. "शेठ, सगळी वसुली गाणाऱ्यांना परत! आणि रोज एक तबकडी इथं उभ्यानं शेवटपर्यंत ऐकायची! चंद्रे, यापुढं वसुलीचा शिक्का तुझ्याकडे, आणि ही शंभर रुपयांची थैली."

तेव्हा मंडळी, गल्ल्याजवळ गाणं लावता ना? मग गाणाऱ्याचा वाटा वहीत आधी लिहा हं, चोख लिहा, आणि मग खुशाल आवाज वाढवा!