टाक्यातलं तण

“ठेवायचं की घालवायचं, महाराज? आज काय ते सांगून टाका. अकराची एसटी आहे.”

मल्लारगिरी महाराज उन्हाला पाठ देऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा विद्याधर. अकरा वर्षं पुण्याच्या प्रयोगशाळेत वनस्पतींच्या जनुकांवर काम केलं, मग सगळं सोडून पठारावरच्या या मठात आला. चार वर्षांत मठाचा कारभार त्याच्याकडे आला होता. कारभारामागून ताठाही आला होता, पण तो त्याला दिसत नव्हता.

घालवायचं होतं सर्जेरावला. मारामारीत एकाचं डोकं फोडून सात वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. गावानं दार लावलं, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी मठाच्या पायरीवर येऊन बसला होता. आत्ताही तिथंच बसला होता, गाठोडं बांधून. ‘जा’ म्हटलं की उठायचं. कुठे जायचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

“काय केलं त्यानं?”

“काल टाक्याच्या काठावर विळा भिरकावला माझ्यासमोर! त्रिपुरी पौर्णिमा चार दिवसांवर आली. थोरल्या महाराजांच्या समाधीला टाक्यातलीच फुलं वाहायची, हा आपला रिवाज. म्हटलं, फुलांची झाडं राहू दे, पाण्यातलं तण तेवढं उपट. तर म्हणतो, न्हाई उपटणार.”

“का?”

“ते… विचारलं नाही.”

 विद्याधरनं घाईनं पुढचं काढलं.

“बाप तुरुंगात, आजा तुरुंगात. खाण तशी माती, महाराज. मी निम्मं आयुष्य यातच घालवलंय. बीमध्ये जे लिहिलेलं असतं, ते काही पुसता येत नाही.”

महाराजांनी शेजारच्या द्रोणातून दोन डहाळ्या काढल्या आणि फरशीवर ठेवल्या. एकीला रुंद, गुळगुळीत पानं, वर बारकी जांभळी फुलं. दुसरीला शेपूच्या भाजीसारखी केसागत पानं.

“तू शिकलेला माणूस. ही कसली, आणि ही कसली?”

विद्याधरला हसू आलं. “ही समाधीची फुलं. हे पाण्यातलं तण. एकमेकांशी काडीचं नातं नाही.”

“नक्की?”

“पान बघा ना. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल.”

“बरं. मग तण तूच काढ. फुलाला मात्र धक्का लागता कामा नये.”

टाकं समाधीमागेच होतं, कातळात खोदलेलं, मठाच्या पायरीवरून दिसणारं. विद्याधरनं धोतर खोचलं आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरला. चार वर्षांत तो पहिल्यांदाच त्यात उतरत होता. पाणी चांगलंच गार होतं.

त्यानं खालचं तण मुठीत धरून ओढलं. हातभरावरची फुलं कलली आणि पाण्यात गेली.

त्यानं मूठ सोडली. दुसरीकडे हात घातला, अगदी बेतानं ओढलं. पुन्हा फुलंच बुडाली.

पायरीवरून सर्जेराव बघत होता. हसला नाही.

मग विद्याधरनं एक फूल चिमटीत धरलं आणि बोटं देठावरून हळूहळू खाली नेली. रुंद पान. त्याखाली रुंद पान. पाण्याच्या रेषेशी कडा फाटलेलं एक पान, ना धड इकडचं ना धड तिकडचं. आणि त्याखाली, अंधारात, नुसती केसागत पानं… थेट गाळापर्यंत.

देठ एकच होता.

असल्या वनस्पती त्याला ठाऊक होत्या. परीक्षेत त्यांच्यावर पानभर उत्तर लिहून त्यानं शाबासकी मिळवली होती. बोट मात्र आज लागलं होतं. 

“लागला का धक्का?” महाराज काठावर येऊन उभे होते.

“एकच झाड आहे, महाराज… वरपासून खालपर्यंत एकच!” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “पेशीपेशीत तीच जनुकं. पण पाण्यात असतं तेव्हा काही जागी होतात, काही निजतात. पाण्याबाहेर आलं की निजलेली उठतात. डोळे नाहीत, कुणी शिकवलेलं नाही, पण पान कोंबात असतानाच झाड ठरवतं, आपण कुठे आहोत आणि कसलं पान करायचं. काय शहाणं आहे हो हे! आणि मी याला तण म्हणत होतो.”

“बी बदललं का रे मधेच?”

“नाही. बी तेच.”

“मग खालच्या पानाचं वरचं पान होतं म्हणतोस?”

“तसंही नाही. झालेलं पान तसंच राहतं, महाराज. पण त्याच्या पुढचं पान…”

तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर पायरीकडे गेली, गाठोड्याकडे गेली.

टाक्यात बुडबुडे येत होते. 

“सर्जेरावला हे माहीत होतं?” त्यानं हळूच विचारलं.

“दोन महिने रोज उतरतोय तो त्यात. ह्या दोन्ही डहाळ्या त्यानंच आणून दिल्या, काल. म्हणाला, विद्याधरदादांना दाखवा, मी दाखवली तर ऐकायचे न्हाईत.”

विद्याधरला मान वर करवेना. लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही हातातला देठ सोडवत नव्हता, इतका तो त्याला आवडला होता.

घाटाखाली एसटीचा हॉर्न वाजला. सर्जेराव उठला. गाठोडं खांद्याला लावलं आणि महाराजांकडे बघत उभा राहिला.

“महाराज… त्याला काय सांगू?” विद्याधरनं विचारलं.

महाराजांनी वाकून कालचा विळा उचलला आणि पाण्यातल्या विद्याधरच्या हातात दिला.

“तू काय सांगणार? टाकं त्याचं आहे. तुला हाताखाली घेतो का, विचार त्याला.”