दांड्यावरची वीट

उसाच्या पट्ट्यात नुकते कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यात अवाढव्य बॉयलर होता आणि त्याच्या डोक्यावर इवलीशी झडप. आतला दाब वाढला की ती फुसफुसत वाफ सोडायची.

"माझी ताकद उधळतेस," बॉयलर गुरगुरायचा.

भट्टीवरच्या सावळारामलाही वाफ वाया गेलेली बघवत नसे. एक दिवस झडप उघडूच नये म्हणून त्याने तिच्या दांड्याला वीट बांधली. झडप मुकी झाली, बॉयलर खूश झाला.

मग दाबाचा काटा लाल रेघेपलीकडे सरकला. बॉयलरचे सांधे करकरू लागले आणि आपल्या पोटात काय कोंडलेय, हे त्याला पहिल्यांदाच जाणवले. तो आवाज ऐकून सावळाराम धावत आला. त्याने लांब आकडीने वीट ओढून पाडली.

झडप उघडली. गर्जत निघालेला पांढरा लोट चिमणीच्याही वर गेला आणि आवारातले ऊन झाकोळले. माणसे माना वर करून बघतच राहिली.

संध्याकाळी सावळाराम झडपेभोवती लोखंडी जाळी बसवत होता, पुन्हा कोणी तिला काही बांधू नये म्हणून.

"एवढे सगळे माझ्यात होते?" बॉयलरने हळूच विचारले.

"रोजच असते," झडप म्हणाली. "मी थोडे थोडे सोडते, म्हणून तुला कळत नाही."