बिरूच्या बायकोची झोप

एका गावात बिरू नावाचा एक भोळा माणूस घोंगड्या विणायचा. विणायचा म्हणजे मागावर बसायचा, आणि बसला की झोपायचा. गाव निजलं की मात्र हा टक्क जागा. त्याची बायको हौसा शेवटी वैतागून माहेरी निघून गेली. सासरा मायाप्पा म्हणाला, "जावई वेळेवर उठायला शिकू दे, मग पोरगी पाठवतो."

हौसाशिवाय बिरूला करमेना. भाकरी घशाखाली उतरेना. आई म्हणाली, "कोंबडा आरवला की उठायचं आन् वाटंला लागायचं. येवढं ध्यानात ठेव."

कोंबडा आरवला. बिरू उठला, वाटेला लागला, सकाळीच सासुरवाडीला पोचला. मायाप्पा खूश झाला. जावयाला पुरणपोळीचं ताट वाढलं. बिरूने पहिला घास उचलला आणि परसात कोंबडा आरवला. बिरू उठला, वाटेला लागला.

"आन् हौसा?" आईने विचारलं.

"ती तूप वाढत हुती."

आईने कपाळाला हात लावला. "आरं, पाव्हण्याच्या घरी कोंबड्याचं ऐकू ने. सासऱ्याला इचारून उठावं."

पुढच्या खेपेला बिरू मुक्कामाला राहिला. पहाटे त्याला जाग आली. मायाप्पा रात्रभर मेंढरं राखून नुकताच मेंढवाड्याच्या तोंडाशी आडवा झाला होता. बिरूने त्याला गदागदा हलवलं. "मामा, मी उठू का?"

मायाप्पाला वाटलं, लांडगा आला. तो ओरडला, कुत्री भुंकली, मेंढरं वाघरीचं जाळं मोडून पळाली. ती गोळा करता करता दुपार झाली. मायाप्पा म्हणाला, "आणखी एकदा येऊ दे. ती शेवटची खेप."

आईने बिरूला समोर बसवलं. "निजलेल्या माणसाला उठवू ने. अंगावर पांघरूण घालावं आन् पाय न वाजवता निघून यावं. कळलं?"

"कळलं," बिरू म्हणाला. त्याला कळलं होतं.

या खेपेला त्याने काही चुकवलं नाही. मायाप्पाने हौसाला पाठवलं. दोघं निघाली. ऊन चढलं तशी हौसा लिंबाखाली टेकली आणि तिचा डोळा लागला. बिरूने खांद्यावरची घोंगडी तिच्या अंगावर घातली आणि पाय न वाजवता घरी आला.

"सून कुठाय?"

"निजलीया. म्या उठवलं न्हाई."

आईने त्याला उंबऱ्यातूनच मागे वळवलं. म्हणाली, "असाच माघारी जा. ती उठंस्तोवर तिच्यापाशी बस. तिच्यावरनं नजर काढू नगंस."

इकडे हौसा घामाने भिजून जागी झाली. नवरा पुढे गेला असेल म्हणून तिने घोंगडी शेजारच्या लांबट, आडव्या धोंड्यावर टाकली आणि शेतातल्या पायवाटेने घर गाठलं. बिरू गाडीवाटेने लिंबाखाली आला. घोंगडी होती. तो तिच्यापाशी बसला. माशी बसली तर अलगद हाकलायचा. ऊन आलं तर आपण सरकून सावली करायचा.

दुसऱ्या दिवशी हौसा त्याला शोधत भाकरी घेऊन आली. दिवसा कधी डोळा न उघडणारा तिचा नवरा टक्क जागा बसला होता. तिला भरून आलं. ती त्याच्या पाठीशी येऊन म्हणाली, "अवं, चला की घरला."

बिरूने नजर काढली नाही.

"बाई, जरा हळू बोल," तो म्हणाला. "माझी बायकू निजलीया."