न खाल्लेला घास

एकदा एका वृद्ध वैद्याच्या हुशार शिष्याकडून एक चूक घडली. हरिहर त्याचे नाव. आठ वर्षे गुरूंजवळ राहून त्याने नाडी, निदान, औषधी सारे आत्मसात केले होते. गुरूंची दृष्टी मंदावल्यापासून गावातले रोगी तोच पाही.

त्या गावच्या तेलाच्या व्यापाऱ्याची पत्नी, कावेरीबाई, गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार झाली होती. अंग जड, चार पायऱ्या चढणे कठीण. हरिहराने सांगितले, "आहार निम्मा करा. वजन उतरले की गुडघे आपोआप हलके होतील."

तिने ऐकले. व्यापाऱ्याच्या वखारीत मोठी तागडी होती, तीवर दर पंधरवड्याला तिचे वजन होई. दोन महिने ते उतरत गेले, मग थांबले. हरिहराने आहार आणखी निम्मा केला. आता अर्धी भाकरी आणि वाटीभर पेज. तरीही महिनाभरात वजन गुंजभर उतरले नाही.

हरिहराला तो आपल्या विद्येचा अपमान वाटला. नवऱ्यासमोर आणि नणंदेसमोर तो तिला म्हणाला, "बाई, तुम्ही चोरून खाता."

"नाही हो," एवढेच ती म्हणाली. पुढे काही बोलण्याइतके त्राणही तिच्यात नव्हते. ते त्याच्या ध्यानात आले नाही.

त्या दिवसापासून व्यापाऱ्याने कोठीघराला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला लावली. पंधरा दिवसांनी तोच वैद्यांच्या दारी आला. "कुलूप लावलं तरी वजन तेवढंच. आता काय करायचं?"

हरिहराने गुरूंना सगळी हकीकत सांगितली. वृद्ध वैद्य म्हणाले, "उद्या दिवसभर त्यांच्या ओसरीवर बसून औषध कुटत राहा. ती काय खाते ते मात्र पाहू नकोस. बाकी सारे पाहा."

हरिहराला हे विचित्र वाटले. जे पकडायचे तेच पाहायचे नाही? पण आज्ञा म्हणून तो गेला आणि संध्याकाळी परतला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"काय पाहिलेस?" गुरूंनी विचारले.

"गुरुजी, भर वैशाखात त्यांच्या अंगावर शाल होती. विहिरीवरून अर्धी कळशी आणताना त्या दोनदा बसल्या. केस विंचरले तर फणीत केसांचा गुंताच आला. आणि..." तो थांबला. "गाय व्याली होती. धाकटी मुलगी हाताला धरून ओढत होती, आई, वासरू बघायला चल म्हणून. गोठा वीस पावलांवर. त्या म्हणाल्या, तूच सांग गं कसं आहे ते, मी इथूनच ऐकते."

वृद्ध वैद्यांनी डोळे मिटले. "हरिहरा, हा उपवास तुझ्या सांगण्यावरून आहे, हे शरीराला कुठे ठाऊक असते? त्याला वाटते, दुष्काळ पडला. मग ते ऊब आवरते, हालचाल आवरते, केसांचे आणि स्नायूंचे पोषण तोडते. मिळेल तेवढ्यात भागवू लागते. वजन उतरणे त्यामुळे रेंगाळते, आणि जे थोडे उतरते तेही अंगात साचलेल्या पाण्याने दिसेनासे होते. ती खरे बोलत होती. तू तिला विचारण्याऐवजी तागडीला विचारलेस."

"आपण मला आधी का नाही सांगितलेत?"

"तू विचारले नाहीस, आणि मीही चौकशी केली नाही. तुझ्या हुशारीवर विसंबलो. यात माझाही दोष आहे."

दुसऱ्या दिवशी दोघे व्यापाऱ्याकडे गेले. हरिहराने सर्वांसमोर हात जोडले. "चूक माझी होती. यांनी एक घासही चोरून खाल्लेला नाही." व्यापाऱ्याने मान खाली घालून कमरेची किल्ली काढली आणि पत्नीपुढे ठेवली. तिने ती लगेच उचलली नाही.

वृद्ध वैद्यांनी तिचा आहार हळूहळू वाढवला. डाळ, ताक, भाज्या, पुरेशी भाकरी. अंगात बळ येईल तसे रोज थोडे चालणे. वजन पुढे उतरले, पण सावकाश. वर्षभरात गुडघे बरेच सुधारले. मुलीबरोबर ती गोठ्यात जाऊ लागली. वासरू तोवर मोठे झाले होते.

काही वर्षांनी गुरू निवर्तले आणि हरिहर वैद्य झाला. एकदा कावेरीबाई साध्या पडशासाठी औषध न्यायला आली, सोबत नणंद होती. हरिहराने विचारले, "कसं वाटतं आता?"

ती ताठ बसली आणि घाईने सांगू लागली, "सकाळी एक भाकरी खाल्ली, वाटीभर आमटी, थोडं ताक. बाकी काही नाही. विचारा हवं तर वन्संना."

त्याने यातले काही विचारले नव्हते. हरिहराने औषधाची पुडी बांधून तिच्यापुढे ठेवली. शरीराने धरलेली भीती अन्नाने गेली होती. त्याने घातलेली भीती मात्र अजून तिथेच बसून होती, आणि तिच्यावर त्याच्याजवळ औषध नव्हते.