उंबरतळ्याचे करकोचे

त्या मुलखात आभाळ सगळ्यांचं होतं, पण आभाळातल्या वाटा तळ्यांच्या होत्या. कोणत्या तळ्याचे पक्षी कोणत्या तळ्यावर उतरतील आणि पंधरवड्यातून किती वेळा उतरतील, हे त्या दोन तळ्यांनी आपसांत ठरवलेलं असे. या ठरवण्याला बोली म्हणत. बोली तळ्यातळ्यांत होई, थव्याला ती नुसती वापरायला मिळे. थवा ज्या तळ्याचा, त्या तळ्याची वाट त्याला मोकळी. थवा त्या तळ्याचा उरला नाही, तर वाट मुकाट तळ्याकडे परत.

हे तपासायची रीत अगदी साधी होती. प्रत्येक तळ्याच्या काठावर एक टिटवी बसलेली असे आणि उतरू पाहणाऱ्या थव्याला ती एकच प्रश्न विचारी, "कोणाचे?" गावात अनोळखी पोर दिसलं की ओट्यावरची म्हातारी विचारते, तसाच. थव्यानं एका सुरात आपल्या तळ्याचं नाव सांगायचं आणि उतरायचं. टिटव्यांची जात मुळात संशयी. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणाऱ्यांकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार? पण उत्तर मिळालं की त्या बाजूला होत, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणाचं काही अडलं नव्हतं.

उंबरतळ्याचा चाळीस करकोच्यांचा थवा होता. ज्यांना पंख नाहीत त्यांची ने-आण करणं हा त्याचा धंदा. खारी, उंदीर, बेडूक पाठीवर बसवायचे आणि डोंगरापलीकडच्या खडकतळ्यावर नेऊन सोडायचे. साळिंदराला घ्यावं की नाही, यावर दर वेळी वाद होई आणि दर वेळी ते मागेच राही. थव्याच्या टोकाला सगुणा उडे. ती हाकारी होती. वळायचं कुठे, चढायचं कधी, उतरायचं कसं, याची हाक तिची, आणि तिच्या हाकेसरशी सगळा थवा वळे. तिच्या आधी ही हाक तिच्या आईची होती. डोंगरावरच्या प्रत्येक वाऱ्याला सगुणा नावानिशी ओळखे आणि खडकतळ्याची वाट डोळे मिटून उडेन म्हणे. ताठा होताच तिच्यात, पण तो तिला शोभून दिसे.

पुढे उंबरतळं आटू लागलं. मासे बोटभर झाले, मग तेही दिसेनासे झाले. उपाशी पंखांनी डोंगर चढवेना. पंधरवड्यातल्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, आणि एके दिवशी तीही राहिली. प्रवासी बोचकी घेऊन काठावर बसत, दुपारपर्यंत वाट पाहत आणि चार शब्द सुनावून परत जात. सगुणेला स्वस्थ बसवेना. एका पायावर उभं राहावं तर क्षणात दुसरा टेकावासा वाटे, दुसरा टेकला की पहिला. दिवसभर ती अशी पाय बदलत डोंगराकडे पाहत राही.

अशा वेळी वाळूतळ्याहून झोळीवाला आला. तो पाणकोळी होता. नाव काही असेल त्याचं, पण चोचीखालची झोळी एवढी मोठी होती की नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही. वाळूतळ्यावर मासे मुबलक होते आणि पंखांनाही तोटा नव्हता. त्याच्याजवळ नव्हती ती एकच गोष्ट, खडकतळ्याची वाट. ती त्यानं तीनदा मागितली होती. पण झोळीवाला एकदा शिरला की आपल्या बदकांच्या पोटावर पाय येणार, हे ओळखून खडकतळ्यानं तीनही वेळा नाही म्हटलं होतं.

"नानासाहेब," तो थव्याच्या म्होरक्याला म्हणाला, "थवा मला द्या. नाव तुमचंच राहील. रंग तुमचाच. टोकाला तुमचीच बाई उडेल. मासे तेवढे माझे."

"आणि वाटेचं काय?" नानांनी विचारलं.

"वाट काय, थव्याच्या मागोमाग येतेच की."

नानांनी नुसती मान डोलावली. वाट थव्याची नसते, तळ्याची असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते या परक्याला ठाऊक नसावं आणि जे आपलं नाहीच ते आपण त्याच्या गळ्यात बांधतोय, या विचारानं त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या. झोळीवाल्याला ते नानांच्याही आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच तो येताना भारद्वाजाला सोबत घेऊन आला होता.

भारद्वाज हा नियमांचा जाणकार. त्याचं दर्शन लोक शुभ मानतात आणि स्वतःच्या सल्ल्याबद्दल त्याचंही तेच मत होतं. तो म्हणाला, "बोलीत शब्द काय आहे? थवा निम्म्याहून जास्त तळ्याचा हवा. मग पिसं वाटून घ्या. शंभरातली एक्कावन्न उंबरतळ्याची, एकोणपन्नास यांची. कोणती टिटवी काय बोलते ते मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी करकोचे काठावर ओळीनं उभे राहिले आणि पिसांची वाटणी झाली. पोटाखालची मऊ पिसं, मानेवरची, डोक्यामागच्या तुऱ्याची, सगळी तळ्याच्या वाट्याला आली. झोळीवाल्यानं काही हावरेपणा केला नाही. त्यानं फक्त पंखांच्या टोकांची आणि शेपटीची घेतली. नानांनी दोनदा मोजून पाहिली. एक्कावन्न भरली तेव्हा ते निर्धास्त झाले.

"नाना, मग उडायचं कशानं?" सगुणेनं विचारलं.

"दोघांच्या मिळून. त्यात काय एवढं?"

"पोटाच्या पिसांनी उडालेलं मी तरी कोणाला पाहिलं नाही."

"सगुणे, समोर मासा ठेवलाय तो दिसतोय का तुला?"

दिसत होता. चांगला वीतभर होता. सगुणेनं तो खाल्ला. खाताना तिला स्वतःचा राग आला, आणि रागारागानं तिनं दुसराही खाल्ला.

चार दिवसांत थव्याच्या अंगात बळ आलं. मग झोळीवाल्यानं आपला भाचा पाठवून दिला. त्याला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता, हे भारद्वाजानं सर्वांना नीट समजावून सांगितलं. तो सोबती होता. सगुणेच्या उजव्या अंगाला, हातभर अंतर राखून उडणार, बस. स्वभावानं तो गरीब होता आणि त्याचा कोणाला त्रास असा नव्हता.

पहिल्याच उड्डाणात सगुणेनं डावीकडे वळायची हाक दिली. पंख हलले नाहीत. तिनं पुन्हा हाक दिली. तिचे स्वतःचेही पंख जागच्या जागी ताठ. शेजारून सोबती हळूच म्हणाला, "हं." आणि चाळीसच्या चाळीस डावीकडे वळले.

ती पिसं त्याच्या मामाची होती, तेव्हा हे व्हायचंच होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. पण सोबत्यानं तिला कधी अडवलं नाही. तिनं सुचवलं त्याला तो बहुतेक वेळा 'हं' म्हणे. क्वचित म्हणत नसे, तेव्हा ती दुसरं काहीतरी सुचवी. थव्यालाही सवय झाली. हाक आली की थांबायचं, 'हं' आला की वळायचं. सगुणेची हाक पूर्वी दगड पाण्यात टाकावा तशी खाली जाऊन संपे. आता ती शेवटी वर चढू लागली, काही विचारत असल्यासारखी. तिचं तिलाच ते ऐकू येई आणि तिला चैन पडत नसे. पोट भरलेलं होतं, पंखांत जोर होता, तरी ती काठावर येरझारा घालत राही. काय हरवलंय ते सापडलं असतं, तर निदान त्याच्यासाठी रडता आलं असतं.

इतके दिवस थवा जवळच्या डबक्यांवर घिरट्या घालत होता. आता खडकतळ्याची पहिली फेरी ठरली. तिकडच्या बदकांनी टिटवीचे कान भरलेत, अशी कुणकुण आली तशी भारद्वाजानं तालीम सुरू केली. तो टिटवी होऊन दगडावर बसे आणि विचारी, "कोणाचे?" सोबती सवयीनं 'हं' करी, आणि थवा गर्जून सांगे, "उंबरतळ्याचे." सात दिवस रोज उत्तर ठणठणीत आलं. आठव्या दिवशी भारद्वाजानं सोबत्याला बाजूला घेतलं आणि बजावलं, "खडकतळ्यावर तुमच्या तोंडून अवाक्षर निघता कामा नये. ढेकरसुद्धा नाही. टिटवीचे कान फार तिखट असतात."

फेरीच्या दिवशी सगळ्यांत आधी भागाई खार काठावर येऊन बसली होती. म्हातारी होती, आणि तिच्याजवळ तिच्याहून जड बोचकं होतं.

"काय आहे यात?" सगुणेनं विचारलं.

"डिंक हाय, बाई. लेकीचे दिवस भरल्यात, पयलीच खेप हाय तिची. तकडं समदा खडकच, झाड न्हाई तर डिंक कुटला? बाळंतिणीच्या पोटात काय तरी जायाला नगं का? तीन डाव आले न्‌ हितनंच माघारी गेले. आज तरी पोचवशील नव्हं?"

"पोचवते."

"बघ हं. मला दुसरी वाट न्हाई."

दुसरी वाट उंबरतळ्यालाही नव्हती. थव्याला तिथून परत फिरवलं, तर वाट तळ्याकडे परत येणार आणि ती उडायला तळ्याकडे दुसरा थवा नव्हता. ती नुसती आभाळात पडून राहणार. सगुणेला हे ठाऊक होतं. तिनं भागाईला स्वतःच्या पाठीवर घेतलं, बोचकं नीट बसलंय ना ते पाहिलं आणि उड्डाणाची हाक दिली. सोबती म्हणाला, "हं."

डोंगर त्यांनी सहज ओलांडला. इतक्या सहज, की सगुणेला उगाच भीती वाटली. पलीकडचं ऊन लख्ख होतं. खाली खडकतळं दिसू लागलं. काठावरच्या एका कपारीपाशी पोट पुढे आलेली एक खार डोळ्यांवर पंजा धरून वर पाहत उभी होती. भागाईनं तिला लांबूनच ओळखलं आणि सगुणेच्या मानेला घट्ट मिठी मारली.

"ती बघ. उभी ऱ्हायलीय येडी. बसावं का न्हाई अशा दिसांत?"

टिटवी पाण्यालगतच्या खडकावर बसली होती. तिच्या शेजारी भारद्वाज आधीच येऊन ठेपला होता. त्यानं पिसांचा हिशेब तिच्यासमोर मांडला होता आणि तिला त्यात काही खोट सापडली नव्हती. थवा टप्प्यात आला तशी ती उठली. तिनं मान वर केली आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "कोणाचे?"

सगुणेला उत्तर येत होतं. तिच्या आईनं तिला उडण्याआधी शिकवलेला तो शब्द. तिनं चोच उघडली, आणि ती थांबली. मागे एकोणचाळीस चोची उघडल्या आणि थांबल्या.

सोबती नाकासमोर पाहत उडत होता. त्याला अवाक्षर काढायचं नव्हतं आणि सांगितलेलं ऐकणाऱ्यांतला तो होता. झोळी गच्च मिटून, श्वाससुद्धा जपून घेत, तो हातभर अंतर राखून सगुणेच्या उजव्या अंगाला उडत राहिला.

थव्यानं तळ्यावरून एक घिरटी घातली. भारद्वाज खडकावर उभा राहून पंखांनी खाणाखुणा करत होता. खालची खार घिरटीबरोबर जागच्या जागी फिरत होती.

"कोणाचे?" टिटवीनं पुन्हा विचारलं. आवाजात चढेलपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"उंबरतळ्याचं!" भागाई पाठीवरून ओरडली. "अगं बोला की गं. उंबरतळ्याचं म्हणा. येवढं बी येत न्हाई का तुमास्नी?"

"आजी, तुम्हांला नाही विचारलं," टिटवी म्हणाली. "तुमचं दिसतंच आहे. त्यांना सांगू द्या."

भागाईच्या मुठीत सगुणेच्या मानेची पिसं आली होती आणि ती त्यांना हिसके देत होती. ती पिसं तळ्याची होती. सगुणेनं सगळं बळ एकवटलं. शब्द घशाशी आला होता, जिभेवर आला होता. टिटवीच्या डोळ्यांत पाहून तो एकदा उच्चारला की झालं, म्हणून तिनं टिटवीला शोधलं. टिटवी समोरच्या खडकावर होती. पण सगुणेला दिसत होती ती झोळी. तिची मान उजवीकडे वळली होती, आणि तिच्यामागे, एकापाठोपाठ एक, एकोणचाळीस माना उजवीकडे वळून वाट पाहत होत्या.

टिटवीनं तिसऱ्यांदा विचारलं नाही.